भिंतींतील तारा आणि घरांतील गाणें



घरांत गाणें ऐकण्यासाठीं आपण जें यंत्र ठेवतों, मग तो रेडिओ असो, तबकड्यांचें यंत्र असो, किंवा हल्लींचा ॲम्प्लिफायर व त्यास जोडलेले दोन कर्णे असोत, त्याच्या आवाजाच्या गोडीवर घरांतील विजेच्या तारांचा परिणाम होतो काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रथमदर्शनीं तो क्षुल्लक वाटेल. परंतु याच प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरापायीं आमच्या दादरसारख्या वस्तींत सुखवस्तु माणसें हजारों रुपये व्यर्थ दवडतात. आणि त्याहून वाईट म्हणजे, कांहीं माणसें एक साधी पकड हातीं घेऊन घरच्या मंडळींच्या जिवावर बेतेल असें काम सहज करून बसतात. मी विजेचा इंजिनियर नव्हे. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण आणि शाळेंत मुलांना गणित व पदार्थविज्ञान शिकविण्यांत गेलेलीं वर्षें, एवढीच माझी पुंजी. तेव्हां शक्य तोंवर जें कागद-पेन्सिलीनें किंवा आपल्या कानांनीं पडताळून पाहतां येईल, तेंच सांगतों.

आरंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. विजेच्या तारेंतून गाणें येत नाहीं. भिंतीवरील सॉकेटांतून येतें तें केवळ बळ. गाणें येतें दुसऱ्या वाटेनें: रेडिओच्या लहरींतून, तबकडीच्या खांचेंतून किंवा हल्लीं फोनमधून. पेटीचें उदाहरण घ्या. पेटीवाला एका हातानें भाता हलवितो. हवा धक्क्याधक्क्यानें आंत जाते. पण आंतल्या दुसऱ्या भात्यांत ती सांठते, आणि तेथून सुरांना एकसारखा दाब मिळतो. म्हणूनच हात थांबत थांबत चालला तरी सूर तुटत नाहीं. ॲम्प्लिफायरांतहि हेंच घडतें. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची, आणि सेकंदास ५० आवर्तनें करणारी. यंत्रांतील ट्रान्सफॉर्मर तिचा दाब कमी करतो, रेक्टिफायर तिला एकाच दिशेस वळवितो, आणि सेकंदास १०० हिसक्यांनीं येणारी ही वीज मोठ्या कंडेन्सरांत सांठविली जाते. कंडेन्सर हाच तो आंतला भाता. कर्ण्यास वीज मिळते ती या सांठ्यांतून, थेट भिंतींतून नव्हे. हल्लींच्या लहान यंत्रांत अवजड ट्रान्सफॉर्मराऐवजीं दुसरी युक्ति असते. पण सांठा करून मग वांटणें हें तत्त्व तेंच.

आतां तारेचा हिशेब करूं. सॉकेटपर्यंत आणलेली तांब्याची तार बहुधा दीड चौरस मिलिमीटर जाडीची असते. अशा एक किलोमीटर तारेचा रोध सुमारें १२ ओहम. मीटरापासून दिवाणखान्यांतील बोर्डापर्यंत १५ मीटर अंतर धरलें, तर जाण्यायेण्याची मिळून तार ३० मीटर झाली. तिचा रोध एक-तृतीयांश ओहमाहून किंचित् अधिक. २०० वॉट वीज घेणारा ॲम्प्लिफायर सुमारें एक अँपिअर प्रवाह ओढतो. म्हणजे भिंतींतील तारेंत हरवला तो एक-तृतीयांश व्होल्ट, २३० पैकीं! रेक्टिफायर प्रवाह सलग न ओढतां घोटाघोटानें ओढतो, म्हणून त्या क्षणापुरती ही घट तिप्पट-चौपट धरा. तरी ती दीड व्होल्टाच्या आंतच राहते. शेजारच्या खोलींतील वातानुकूलन यंत्र सुरू झालें म्हणजे याहून अधिक व्होल्ट खालींवर होतात, आणि गाणें बिनतक्रार चालूच असतें.

हा हिशेब ध्यानांत घेऊन मग त्या जाडजूड, रेशमी वेष्टणाच्या, परदेशी कॉर्डीकडे पाहा. यंत्राबरोबर आलेली साधी कॉर्ड काढून ही लावली कीं आवाज खुलतो, तंबोरा स्पष्ट होतो, असें विक्रेते सांगतात. साध्या कॉर्डीची तार पाऊण चौरस मिलिमीटरची असली, तरी एक मीटर लांबीचा जाण्यायेण्याचा रोध ओहमाचा विसावा भाग भरतो. तो अगदीं शून्य केला तरी मिळणार किती? आणि तिच्या मागें भिंतींतली तीच १५ मीटर तार, तिच्या मागें इमारतीची वायरिंग, तिच्या मागें रस्त्याखालीं पुरलेल्या केबली. दादरास वीज पुरविते ती बेस्ट. १९०५ सालीं स्थापन झालेल्या कंपनीचा हा कारभार ७ ऑगस्ट १९४७ रोजीं महापालिकेच्या हातीं आला. टाटांचें खोपोलीचें जलविद्युत् केंद्र १९१५ पासून मुंबईस वीज पाठवीत आलें आहे. घाटाखालून निघून मैलोगणती तारा तुडवीत आलेली वीज शेवटच्या एका मीटरांत सोवळें नेसून शुद्ध होते, असें मानणें म्हणजे विहिरीचें पाणी पेल्याच्या कांठाशीं गाळण्यासारखें आहे. जपानांत तर कांहीं हौशी श्रोत्यांनीं याहि पुढें मजल मारली. आपल्या यंत्रास शेजाऱ्यांहून वेगळी वीज मिळावी म्हणून घराशेजारीं स्वतःचा विजेचा खांब व ट्रान्सफॉर्मर बसवून घेतल्याची हकीकत २०१६ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या दैनिकानें छापली होती. दादरकरांवर हा खर्च ओढवत नाहीं, कारण येथें बेस्टच्या तारा जमिनीखालून येतात. खांब रोवणार कोठें?

कोणी म्हणेल, हिशेब कांहींहि सांगो, मला फरक ऐकूं येतो. यावर वाद घालूं नये, परीक्षा घ्यावी. श्रोत्यानें यंत्राकडे पाठ करून बसावें. नातवानें दर खेपेस नाणें उडवून छापा पडल्यास महाग कॉर्ड, कांटा पडल्यास साधी कॉर्ड लावावी, आणि कोणती लावली तें कागदावर टिपून ठेवावें. तोंडानें एक अक्षर बोलूं नये. आवाजाचें बटन जराहि फिरवूं नये, कारण किंचित् मोठा आवाज कानास नेहमीं अधिक सुरेल वाटतो. अशा दहा खेपा कराव्या. केवळ अंदाजानें दहापैकीं दहा उत्तरें बरोबर येण्याचा संभव १०२४ त एक. नऊ किंवा अधिक बरोबर येण्याचा ११. पण आठ किंवा अधिक येण्याचा ५६, म्हणजे अठरांत एकाच्या आसपास, आणि सात किंवा अधिक येण्याचा सहांत एक! तेव्हां सातावर कोणी विजयोत्सव करूं नये. नऊ आलीं तर मात्र मी माझा हिशेब पुन्हां तपासून पाहीन.

म्हणून घरांतल्या विजेचा गाण्याशीं कांहींच संबंध नाहीं, असें ज्यांना वाटूं लागलें असेल त्यांनीं जरा थांबावें. संबंध आहे, पण जेथें शोधतात तेथें नाहीं.

पहिला संबंध वेगाचा. तबकड्यांचीं जीं जुनीं यंत्रें विजेच्या आवर्तनांशीं बांधलेल्या मोटरीवर चालतात, त्यांचा वेग व्होल्टांवर नव्हे, तर त्या ५० या आंकड्यावर ठरतो. अमेरिकेंत हा आंकडा ६०. तेथील असें जुनें यंत्र कोणीं हौसेनें येथें आणलें आणि मध्यें व्होल्ट उतरविणारा ट्रान्सफॉर्मर बसविला, तर यंत्र जळत नाहीं, पण सहांतले पांचच फेरे घेतें. सूर ६:५ या प्रमाणांत उतरतो. म्हणजे तीन पट्ट्या खालीं. काळी एकमध्यें गाणारा गवई खालच्या सप्तकांतल्या काळी पांचांत जाऊन बसतो, आणि द्रुत चीज मध्यलयींत येते. जुन्या काळीं वेग तपासण्यासाठीं रेघांची कागदी चकती मिळत असे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठीं आपल्याकडील चकतीवर ७७ रेघा, अमेरिकेच्या चकतीवर ९२. विजेचा दिवा सेकंदास १०० वेळां कमीजास्त होतो, त्या उजेडांत ७७ रेघा स्थिर दिसल्या म्हणजे तबकडी मिनिटास ७७·९२ फेरे घेत आहे असें समजावें. जुन्या तबकड्या जमविणाऱ्यांनीं ही चकती जरूर बाळगावी. मात्र हल्लींच्या कांहीं एलईडी दिव्यांचा उजेड असा लवत नाहीं, त्यासाठीं जुना पिवळा दिवा शोधावा लागेल. हल्लींच्या बहुतेक यंत्रांतील मोटर मात्र ॲडाप्टरच्या सरळ विजेवर चालते, त्यामुळें हा प्रश्न त्यांना लागू नाहीं.

दुसरा संबंध खरखरीचा, आणि यांत दादरचा इतिहास थोडा गुंतलेला आहे. मुंबईचें रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्यापूर्वी वीस वर्षें, ७ मे १९०७ पासून, येथें विजेची ट्राम धांवत होती, आणि दादर हें तिचें टोंक; दादर टी. टी. या नांवांत ती अजून उभी आहे. वडील मंडळी सांगत कीं, ट्रामचा दांडा वरच्या तारेवरून निसटला कीं ठिणगी पडे आणि आसपासच्या घरांतील रेडिओ करकरूं लागे. यांत नवल नाहीं. ठिणगी म्हणजे एक लहानसें प्रक्षेपण केंद्रच. बिनतारी संदेशांचा जन्म ठिणगीपासूनच झाला. ती लहर हवेंतूनहि येते आणि विजेच्या तारांवरून घरांतहि शिरते. रेडिओसाठीं खोलींत आडवी बांधलेली ती तांब्याच्या जाळीची पट्टी पुष्कळांना आठवत असेल. भिंतींतली वायरिंग ही न मागतां मिळालेली तशीच दुसरी पट्टी होय.

३१ मार्च १९६४ च्या रात्रीं शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरास आली. पण खरखर गेली नाहीं. ती रस्त्यावरून घरांत राहावयास आली. स्वस्त एलईडी दिवे आणि फोनचे चार्जर यांच्या पोटांत वीज सेकंदास हजारों वेळां तोडली-जोडली जाते. त्या तोडजोडीचे पडसाद थेट मध्यमलहरींच्या पट्ट्यापर्यंत पोंचतात, आणि घरची वायरिंगच ते भोंवतालीं पसरविते. जुन्या इलेक्ट्रॉनिक पंख्याच्या रेग्युलेटरांतहि वीज प्रत्येक अर्ध्या आवर्तनांत कापली जाते, म्हणून पंखा मंद केला कीं खरखर वाढते. कंडेन्सरवर चालणाऱ्या टप्प्याटप्प्याच्या रेग्युलेटरांत हा दोष नाहीं. अपराधी शोधण्याची रीत सोपी आहे. सेलवर चालणारा लहान रेडिओ मध्यमलहरींवर दोन केंद्रांच्या मध्यें लावून हातीं घ्यावा, घरांतील दिवे व चार्जर एकेक करून बंद करावे, आणि कान द्यावा. बहुधा दहा मिनिटांत दोन-तीन दिवे पकडले जातात. सॉकेट सैल झालें असेल तरीहि कर्र आवाज येतो. तेथें मात्र आवाजाची चिंता करण्याआधीं आगीची करावी, कारण सैल जोडावर ठिणग्या पडतात आणि प्लॅस्टिक तापतें.

कर्ण्यापर्यंतच्या तारेविषयीं दोनच शब्द. ती तार मात्र गाणेंच वाहून नेते, आणि कर्ण्याचा रोध अवघा आठ ओहम असतो. दहा मीटरांवरील कर्ण्यास अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक तार नेली तर पाऊण ओहम तारेंतच जातो. म्हणून ती जरा जाड असावी. बाजारांतली साधी तांब्याची जाड तार पुरते.

तिसरा संबंध गुंजारवाचा. गाणें थांबलें तरी कर्ण्यांतून घूं असा मंद सूर येत राहतो तो. सूर ओळखणाऱ्यास त्याचें मूळहि ओळखतां येतें. ५० आवर्तनांचा सूर हा अगदीं खालच्या सप्तकांतील पांढरी पांचच्या जवळचा, आणि १०० आवर्तनांचा त्याच्या बरोबर वरच्या सप्तकांतला. खालचा, मऊ सूर असेल तर बहुधा तो तारांच्या जोडणींतून आलेला असतो. वरचा, जरा कर्कश असेल तर यंत्रांतला कंडेन्सर म्हातारा झाल्याचा संशय घ्यावा.

आमच्या शेजारच्या इमारतींत एक गृहस्थ राहतात. त्यांच्या यंत्रांत हा खालचा सूर होता. त्यांनीं प्रथम एक भारी कॉर्ड आणून लावली. सूर हलला नाहीं. मग कोणा माहीतगारानें सल्ला दिला कीं, प्लगाची तिसरी, मोठी पिन काढून टाका. त्यांनीं पकडीनें ती पिन मोडली, आणि आश्चर्य असें कीं सूर तत्क्षणीं बंद झाला. पुढें कित्येक आठवडे ते प्रत्येकास हा उपाय सांगत होते. एके दिवशीं त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, “मास्तर, यंत्र पुसतांना हाताला झिणझिण्या येतात हो.” तेव्हां मी एका जुन्या, परवानाधारक वायरमनास घेऊन त्यांच्याकडे गेलों.

घडलें होतें तें असें. ॲम्प्लिफायरचा पत्रा तिसऱ्या पिनेनें घराच्या अर्थिंगला जोडलेला होता. त्याच ॲम्प्लिफायरला टेलिव्हिजनचा सेट-टॉप बॉक्स जोडलेला, आणि त्या बॉक्सला केबलवाल्याची, गच्चीवरून आलेली तार. त्या तारेचें बाहेरचें वेष्टण दुसऱ्याच कोठल्यातरी इमारतींत जमिनीला टेकलेलें. दोन ठिकाणच्या जमिनींत विजेचा दाब अगदीं सारखा कधींच नसतो. व्होल्टाच्या अंशाचा तरी फरक राहतो. त्या फरकानें एक बारीक प्रवाह गच्चीवरून खालीं, बॉक्समधून ॲम्प्लिफायरांत, आणि तेथून तिसऱ्या पिनेनें जमिनींत असा फेरा घालूं लागला. त्याची वाट गाणें नेणाऱ्या तारेच्या वेष्टणांतून होती. गाण्याचा संकेत एखाद्या व्होल्टचा. त्यांत व्होल्टाचा हजारावा भाग जरी मिसळला तरी रात्रींच्या शांततेंत तो स्पष्ट ऐकूं येतो. पिन मोडल्यानें तो फेरा तुटला, म्हणून सूर थांबला, हें खरें. पण त्याबरोबर यंत्राच्या पत्र्याचा जमिनीशीं असलेला भरवशाचा संबंधहि तुटला. अशा यंत्रांच्या पोटीं असलेल्या बारीक कंडेन्सरांतून थोडी वीज नेहमीं पत्र्यावर झिरपते. पूर्वी ती तिसऱ्या पिनेनें निघून जाई. आतां ती बाईंच्या हातांतून जात होती. त्या झिणझिण्यांनीं जीव जात नाहीं. परंतु उद्यां ट्रान्सफॉर्मरचें वेष्टण उष्णतेनें किंवा पावसाळी दमटपणानें फाटून फेज पत्र्याला लागली असती, तर ती कोणाच्या तरी ओल्या हाताची वाट पाहत बसली असती. आणि माणसाच्या शरीरांतून जाणाऱ्या प्रवाहानें किटकॅटमधला फ्यूज जळत नसतो. त्याला कित्येक अँपिअर लागतात, माणसाला त्याचा अल्पसा अंशहि पुरतो.

वायरमननें आल्याबरोबर केबलची तार बॉक्समधून उपटली व नव्या पिनेसह प्लग बसविला. सूर आला नाहीं. केबल पुन्हां लावतांच आला. निदान झालें. केबलच्या तारेंत मध्यें बसवावयाचा एक छोटा आयसोलेटर मिळतो. तो चित्र जाऊं देतो, पण जमिनीचा फेरा तोडतो. तो बसविला आणि घर शांत झालें. त्याची किंमत त्या भारी कॉर्डीच्या मानानें हिशेबांत धरण्याजोगीहि नव्हती. हा मिळाला नाहीं तर बॉक्स व ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर जोडून पाहावें. किंवा टेलिव्हिजनपासून गाणें प्रकाशाच्या तारेनें न्यावें, तींतून वीज जातच नाहीं. ज्या यंत्रावर एका चौकोनांत दुसरा चौकोन अशी खूण असते, तें मुळांतच दोन पिनांचें असतें व तें तसेंच सुरक्षित आहे. पण ज्याला कारखान्यानें तिसरी पिन दिली, तिला हात लावूं नये.

आणखी एक गोष्ट आमच्या जुन्या चाळी व इमारतींपुरती. तिसरें भोंक आहे म्हणजे त्यामागें अर्थिंग आहे असें समजूं नये. पूर्वी अर्थिंगची तार पुष्कळ ठिकाणीं पाण्याच्या लोखंडी नळाला बांधीत. जुने रेडिओहि तसेच नळाला जोडलेले असत. दुरुस्तींत नळ प्लॅस्टिकचे झाले आणि जमिनीचा रस्ता कोणाच्याहि ध्यानांत न येतां बंद पडला. कोठें वेळ मारून नेण्यासाठीं तिसऱ्या भोंकाची तार न्यूट्रललाच जोडलेली आढळते. हें तर सर्वांत वाईट. गुंजारव त्यानें वाढतोच. शिवाय वाटेंत न्यूट्रल कोठें तुटला, तर घरांतील प्रत्येक तीन पिनांच्या यंत्राचा पत्रा विजेनें भारला जातो. हें साध्या टेस्टरनें कळत नाहीं; त्यास मीटर व जाणता मनुष्य पाहिजे. आणि भिंतीवर लांकडी पट्ट्यांवरून गेलेल्या, रबरी वेष्टणाच्या जुन्या तारा अजून असतील, तर त्या आधीं बदलाव्या. रबर कोरडें होऊन तडकतें. गाणें त्यानें गोड होणार नाहीं, पण ती निकड गाण्याच्या पलीकडची आहे.

त्या वेळींच मेन स्विचाशेजारीं ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. गेलेली वीज व परत आलेली वीज यांत एवढासा फरक पडला, म्हणजे १०० वॉटच्या दिव्याच्या प्रवाहाच्या चौदाव्या भागाएवढी वीज जरी भलत्या वाटेनें गेली, तरी तो डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच वीज तोडतो. त्यानें आवाजांत कांहीं फरक पडतो काय, असें मला एका श्रोत्यानें विचारलें आहे. मुळींच पडत नाहीं. त्यावर चांचणीचें एक बटन असतें, तें महिन्यांतून एकदां दाबावें. घरांतील दिवे गेले पाहिजेत. मात्र दाबण्यापूर्वी ॲम्प्लिफायर बंद करावा, म्हणजे कर्ण्यांतून धप्प असा आवाज होऊन घरांतील वृद्ध मंडळी दचकणार नाहींत.